बाजींसाठीही एक वजीफा हवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. जमातीचा हॉल माणसांनी भरतो. नावे पुकारली जातात, ट्रॉफी दिली जाते, गरजू मुलांना शिष्यवृत्तीचे धनादेश मिळतात. डॉक्टरकीला नंबर लागलेल्या मुलीसाठी टाळ्या जरा जास्तच वाजतात. यंदाही असेच झाले. नावे पुकारण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे होते.

कार्यक्रम संपला आणि खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. शेवटच्या रांगेत आमच्या बालवाडीच्या बाजी बसल्या होत्या. व्यासपीठावर आलेल्या निम्म्या मुलांना पहिले अक्षर त्यांनीच शिकवले होते. बारावीनंतर शिक्षण सुटले, लग्न झाले, दोन मुले झाली आणि गेली अकरा वर्षे त्या बालवाडी सांभाळत आहेत. आम्हाला पाहून हळूच म्हणाल्या, "सबके फारम तुमीच भरते ना, मेरे वास्ते भी कोई फारम रहता क्या?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. इतक्या वर्षांत शेकडो मुलांचे अर्ज आम्ही भरून दिले, पण मुलांना घडवणाऱ्या बाईंसाठी एखादा अर्ज असतो का, हे कधी पाहिलेच नव्हते. मग शोध घेतला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

बालवाडीला शिक्षण कशाला लागते?

हा प्रश्न आपल्या घरांत सर्रास विचारला जातो. "लहान मुले तर सांभाळायची, त्याला डिप्लोमा कशाला?" राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मात्र वेगळे सांगते. मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो, असे या धोरणात नमूद आहे. म्हणूनच ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला गेला. पाया घालणारा गवंडी शिकलेला नको, असे घर बांधताना कोणी म्हणत नाही.

आपल्या वस्तीतले एक साधे उदाहरण घेऊ. तीन वर्षांचा मुलगा पहिल्याच आठवड्यात म्हणतो, "बाजी, पानी होना." घरी दखनी, बाहेर मराठी आणि नर्सरीच्या पाटीवर इंग्रजी. न शिकलेली शिक्षिका त्याला रागावते, "नीट बोल!" मूल गप्प होते ते महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. शिकलेली शिक्षिका त्याची भाषा आधी आपलीशी करते, पाणी देते, मग त्याच गोष्टीसाठी दुसरा शब्द देते. घरची भाषा हा पुढच्या भाषेचा जिना आहे, हे तिने अभ्यासलेले असते.

लिहिण्याचेही तसेच आहे. बोटांत ताकद यायच्या आत पेन्सिल हातात देऊन पानेच्या पाने गिरवून घेतली की पालक खूश होतात. त्या वयाला मातीचे गोळे करणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे हेच लिहिण्याचे पहिले पाठ असतात. आमच्या बाजी बरेच काही अनुभवातून शिकल्या आहेत. पण पालकांनी "अभ्यास का देत नाही?" म्हणून विचारले की काय उत्तर द्यायचे, हे त्यांना सुचत नाही. प्रशिक्षणाने ते उत्तर मिळते आणि ते ठामपणे सांगण्याचे बळही येते.

दरवाजे आहेत

शिकण्याच्या वाटा मुळीच नाहीत असे नाही. धोरणानुसार बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या अंगणवाडी सेविकेसाठी ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेसाठी १ वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवला आहे. काम न सोडता मोबाइल व टीव्ही वाहिन्यांवरून शिकता यावे आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' उपक्रम सुरू केला. त्यात सेविकांसाठी पहिल्या फेरीत ३ दिवसांचे प्रशिक्षण ठेवले. सुरुवात म्हणून ते चांगलेच आहे, पण तीन दिवसांत सगळे बालमानसशास्त्र कळत नाही.

बारावी झालेल्या बाईंना इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका घेता येते. तिचा किमान कालावधी १ वर्ष आहे. मुलांसाठीच्या सेवांचे नियोजन, आरोग्य व पोषण, विशेष गरजा असलेली मुले हे विषय आणि सोबत प्रकल्पकाम, असा तो अभ्यास आहे. ज्यांना नियमित कॉलेज जमेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार चालणारी पूर्वप्राथमिक शिक्षणाची २ वर्षांची पदविका आहे. तिला बारावीत ५० टक्के गुण लागतात. उर्दू माध्यमातून शिकलेल्या आणि आधी पदवी घेऊ इच्छिणाऱ्या भगिनींसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ दूरस्थ शिक्षण देते.

मग बाजी आत का जात नाहीत?

आम्ही बाजींपुढे हे सगळे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकेक अडचण सांगितली. फी एकदम कशी भरायची? परीक्षेच्या दिवसांत वर्ग कोण सांभाळणार? सुटी घेतली तर पगार कापला जाणार. अभ्यासकेंद्र तालुक्याला असेल तर एसटीचे भाडे कोण देणार? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता : "पास झाल्यावर माझा पगार वाढेल का?"

आम्हाला 'हो' म्हणता आले नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. सहा वर्षांखालच्या मुलांच्या खासगी वर्गात शिकवणाऱ्या बाईंच्या वेतनाची हमी त्यातून मिळत नाही. अंगणवाडी सेविकेलाही पगार मिळत नाही, मानधन मिळते. त्यामुळे पदविका घेतलेली आणि न घेतलेली बाई बहुतेक ठिकाणी सारख्याच रकमेवर सही करते.

शिष्यवृत्त्यांचे गणितही वेगळे आहे. बहुतेक योजना पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यांतही वय, गेल्या वर्षीचे गुण आणि कॉलेजचा दाखला लागतो. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करणारी पस्तिशीची स्त्री त्या अर्जाच्या रकान्यांत कुठेच बसत नाही. त्यात अल्पसंख्याक मुलांच्या काही योजनाच आता राहिलेल्या नाहीत. पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. शैक्षणिक कर्ज मिळू शकते, पण ज्या पदविकेने उत्पन्न वाढण्याची खात्री नाही, तिच्यासाठी कर्ज काढा असे कोणत्या तोंडाने सांगावे?

अमेरिकेतला एक धडा

शोधता शोधता आमच्या हाती अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्याची हकीकत लागली. तिथेही बालवर्गातल्या शिक्षिकांचे पगार तुटपुंजे होते. शिक्षिका कंटाळून काम सोडत आणि मुलांना वर्षभरात दोन-दोन नवे चेहरे पाहावे लागत. स्यू रसेल या बाईंच्या पुढाकाराने १९९० मध्ये तिथे बालशिक्षिकांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'टीच' हा शब्द तयार होतो. मोजक्या शिक्षिकांपासून सुरू झालेली ही योजना पुढे वीसहून अधिक राज्यांत पोचली.

या योजनेची खुबी तिच्या रचनेत आहे. शिकवणारी बाई काय काय अडचणींमुळे शिकत नाही, हे आधी पाहिले आणि एकेका अडचणीला एकेक उत्तर दिले. फी आणि पुस्तकांचा मोठा हिस्सा शिष्यवृत्ती देते, थोडा वाटा शिक्षिका उचलते आणि थोडा तिची शाळा. प्रवासासाठी रक्कम मिळते. अभ्यासासाठी आठवड्यातले काही तास भरपगारी मोकळीक मिळते आणि त्याचा भार शाळेवर पडू नये म्हणून शाळेला भरपाई दिली जाते. वर्षाचा ठरलेला अभ्यास पूर्ण झाला की पगारवाढ किंवा बक्षीस मिळते. या बदल्यात शिक्षिका ठरावीक काळ त्याच शाळेत राहण्याचे वचन देते. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत एक सल्लागार तिच्या सोबत असतो.

हे वाचताना आम्हाला आमच्या बाजी आठवल्या. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर इथे होते, पगाराच्या प्रश्नाचेसुद्धा. नुसती फी भरून दिली आणि वेळ दिला नाही, तर शिष्यवृत्ती वाया जाते. वेळ दिला आणि पगार वाढवला नाही, तर शिकलेली बाई दुसरीकडे निघून जाते. सगळ्या कड्या जोडल्या तरच साखळी होते.

अंगणातली शाळा

अमेरिकेचे सोडा, आपल्या महाराष्ट्रातही ही समज जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. गरीब वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार या दोघींनी रुजवला. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

अनुताईंचे स्वतःचे शिक्षणही ध्यानात घेण्याजोगे आहे. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे शिक्षिका म्हणून नोकरी करताना त्यांनी रात्रशाळेत जाऊन मॅट्रिकची परीक्षा दिली. नोकरीत असलेल्या बाईंना शिकता यावे म्हणून तेव्हा निदान रात्रशाळा होती. मूल येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात गेली, मग बाजी कॉलेजला जाऊ शकत नसतील तर शिक्षण त्यांच्या दारापर्यंत का पोचू नये?

जमातीने काय करावे?

सरकारने करायचे ते सरकारकडे मागत राहावेच. पण आपल्या जमाती, शिक्षणसंस्था आणि ट्रस्ट दरवर्षी वजीफे वाटतात. त्यातला एक छोटा भाग बालवाडी-अंगणवाडीच्या बाजींसाठी राखून ठेवता येईल. आमची सूचना अशी :

१. पहिल्या वर्षी फक्त दोन बाजी निवडाव्यात. अर्ज मागवताना गुणांपेक्षा कामाची वर्षे पाहावीत.

२. फी थेट विद्यापीठात भरावी. पुस्तके, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज आणि एसटीचे भाडे यांसाठी वेगळी रक्कम ठेवावी.

३. आठवड्यातून काही तास आणि परीक्षेचे सगळे दिवस भरपगारी सुटी द्यावी. त्या वेळी वर्ग सांभाळणाऱ्या बदली बाईंचे मानधन निधीतून द्यावे.

४. पदविका मिळाल्यावर पगार किती वाढेल, हे संस्थेने आधीच लिहून द्यावे. तोंडी आश्वासन पुरत नाही.

५. बाजींनी पुढे किमान एक वर्ष त्याच बालवाडीत राहण्याचे कबूल करावे.

६. आम्हा शिक्षकांपैकी एकाने अर्ज, प्रकल्प आणि अभ्यासाची जबाबदारी घ्यावी. पैसे देता येत नसतील त्यांनी वेळ द्यावा.

यासाठी कोणत्या रकमेतून खर्च करावा, जकात, सदका की लिल्लाह, हे जमातीने आपल्या उलेमांना विचारून ठरवावे. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाची मान्यता, माध्यम, अभ्यासकेंद्र आणि परीक्षेचे महिने यांची खात्री करून घ्यावी. "लगेच सर्टिफिकेट" अशी जाहिरात करणाऱ्या दुकानांपासून दूर राहावे.

घरच्यांचीही यात जबाबदारी आहे. पुस्तक उघडून बसलेल्या सुनेला "आता या वयात?" असे विचारू नये. परीक्षेच्या आठवड्यात चुलीजवळचे काम कोणीतरी दुसऱ्याने उचलावे. मुलीच्या शिकवणीची फी न कुरकुरता भरणाऱ्या आपल्या घरांना सुनेच्या फीचीही सवय व्हायला हवी.

बाजींचे पुढे काय झाले?

आमच्या बाजींच्या फीची जबाबदारी त्यांच्याच दोन जुन्या विद्यार्थ्यांनी घेतली आहे. एक आता नोकरीला आहे, दुसऱ्याचे मोबाइलचे दुकान आहे. अर्ज आम्ही सोबत बसून भरला. सुटीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. बालवाडी चालवणाऱ्या कमिटीने "बिनपगारी घ्या" असे सांगितले आहे. पुढच्या बैठकीत आम्ही हाच विषय पुन्हा मांडणार आहोत. बदली म्हणून शनिवारचा वर्ग सांभाळायला आमच्या घरातून एक जण तयार आहे, हेही सांगणार आहोत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या मोहल्ल्यातही अशा एक बाजी असतीलच. पुढच्या सत्काराची यादी कराल तेव्हा त्यांच्याकडे एकदा जाऊन या. पुढे शिकायचे आहे का, एवढेच विचारा. त्या 'हो' म्हणाल्या, तर अर्ज घेऊनच परत या.