इंजिन ऑइल कधी बदलायचं? चंद्रपूर-गडचिरोलीचं गणित जरा वेगळं आहे

शोरूमवाले सांगतात, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, पाच हजार झाले की बदला. मग खरं कोणाचं? गंमत म्हणजे दोन्ही आकडे बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच असतात, फक्त वेगवेगळ्या पानांवर. दहा हजार हा साधारण वापराचा आकडा. पुढे खडतर वापराचं कोष्टक असतं: धुळीचे रस्ते, जवळच्या फेऱ्या, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, ओझं वाहणं. तिथे मुदत बहुतेकदा निम्म्यावर येते. ते पान फारसं कोणी उघडत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्या नेमक्या त्याच पानावरच्या असतात.

आधी धूळ. घुग्घूस-बल्लारपूर भागात कोळशाची, तर सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक जातात त्या आलापल्ली-आष्टी रस्त्यावर लाल. धुळीतले वाळूचे कण फार कठीण असतात. एअर फिल्टर बहुतेक कण अडवतो, पण फिल्टर फाटका किंवा सैल बसलेला असेल तर बारीक कण आत जातात, ऑइलमध्ये मिसळतात आणि पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग घासत राहतात. म्हणून इथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही, एअर फिल्टरही लवकर बदलावा लागतो. कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू देऊ नका, कागद फाटतो.

आता लोकांना पटत नाही ती गोष्ट. तुकूमहून गांधी चौकापर्यंत रोज ये-जा करणारी कार आणि महिन्यातून दोनदा अहेरीहून नागपूरला जाणारी कार, यांत ऑइल कुणाचं लवकर खराब होईल? बहुतेकदा पहिलीचं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. थंड इंजिनात ती वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापून काही वेळ तसंच राहिलं तर हे उडून जातं, पण पाच-दहा मिनिटांच्या फेरीत ऑइल तेवढं तापतच नाही. अशी गाडी वर्षात तीनच हजार किलोमीटर चालली तरी "अजून सात हजार बाकी आहेत" हा हिशोब चुकीचा.

रेल्वे फाटक आणि ट्रकच्या रांगांचंही तेच. एसी लावून उभ्या गाडीचं मीटर पुढे सरकत नाही, इंजिन मात्र चालूच असतं. फोर्ड कंपनी आपल्या काही गाड्यांसाठी असा एक तास म्हणजे सुमारे ५० किलोमीटर धरते.

उन्हाचा मात्र जरा जास्तच बाऊ केला जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला म्हणून २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल टाकायचा सल्ला मिळतो. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा मुळातच १०० अंश तापमानाला ऑइल किती घट्ट राहतं त्याचा आहे. मॅन्युअलमध्ये असेल तोच ग्रेड घ्या. बीएस-६ डिझेलला तर कमी राखेचं ऑइलच लागतं, नाहीतर धुराचा फिल्टर चोंदतो.

माझं मत विचाराल तर: बहुतेक चालणं हायवेवर असेल तर कंपनीची मुदत पाळा. धूळ किंवा छोट्या फेऱ्या जास्त असतील तर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने. बिलं जपून ठेवा, वॉरंटीला लागतात.

मधल्या काळात पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. डिझेलचं ऑइल काळं दिसणं साधी गोष्ट आहे, घाबरू नका. पण बीएस-६ डिझेलमध्ये पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल उतरत असण्याची शक्यता मोठी. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात भामरागडकडे नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर पुन्हा स्टार्ट करण्याआधी हे बघाच. दुधाळ ऑइलवर गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टो करून न्या. टोचा खर्च इंजिनच्या कामापेक्षा बराच कमी असतो.

काढलेलं जळकं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ते गॅरेजमधून नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवं. वाळवीसाठी खांबांना फासायला बरेच जण घरी नेतात, पण त्यातलं विहिरीजवळ किंवा नाल्यात सांडू देऊ नका.