फिरतीचे अन्न आणि अंगावरचे ओझे

फिरतीची नोकरी असलेल्या माणसाचे सामान थोडके असावे, हा आमच्या यजमानांचा जुना नेम. महिन्यातले बारा-तेरा दिवस ते बाहेरगावी असतात. इंदूरहून कधी ग्वाल्हेर, कधी बडोदे, तर कधी थेट हैदराबाद. बॅगेत दोन जोड कपडे, दाढीचे सामान आणि कामाचे कागद. एवढ्यावर त्यांचे आठ दिवस सहज निभतात. ओझे वाढत गेले ते बॅगेचे नव्हे, अंगावरचे. चार वर्षांत नऊ किलो!

हेही आम्हांला आपणहून उमगले नाही. गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या लग्नासाठी त्यांचा बंद गळ्याचा कोट कपाटातून काढला, तर त्याच्या गुंड्या लागेनात. शिंप्याने कोट उलटसुलट करून पाहिला आणि ‘शिवणीत आता माया उरलेली नाही’ असे सांगून परत केला. घरात हशा पिकला. पुढे पंधरा दिवसांनी रक्ततपासणीचा अहवाल हाती आला आणि तो हशा मावळला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ होता. ५.७ पासून ६.४ पर्यंतचा टप्पा हा मधुमेहाचा उंबरठा मानला जातो. ह्यांच्या थोरल्या बंधूंच्या पायाचा अंगठा ह्याच रोगापायी काढावा लागला होता. त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. ‘फिरतीवर पथ्य कसले? तिथे मिळेल ते खावे लागते,’ हे यजमानांचे उत्तर तयारच होते. मलाही ते पटत असे. दोष बाहेरच्या अन्नाचा, आपण निरुपाय, अशी आम्हां उभयतांची समजूत होती. ती समजूत मोडली एका लहानशा वहीने.

वहीने काय सांगितले?

बडोदे-सुरतेच्या आठ दिवसांच्या फिरतीवर निघताना मी ती वही त्यांच्या खिशात घातली. तोंडात जाईल ते सारे वेळेसह लिहायचे, एवढीच अट. ते परतल्यावर आम्ही हिशेबाला बसलो. एका रात्री सहकाऱ्याकडे झालेले उंधियूचे जेवण आणि एका दुपारची भरगच्च गुजराती थाळी हेच मुख्य आरोपी ठरणार, अशी माझी खात्री होती. परंतु आठ दिवसांत अशी जेवणे दोनच होती. रोज घडत होते ते निराळेच.

पहिला आरोपी चहा. ज्या कचेरीत पाऊल ठेवावे तिथे एक कप. दिवसाकाठी आठ कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचाभर साखर पाच ग्रॅम धरली, तर दिवसाची ऐंशी ग्रॅम झाली. एका ग्रॅमला चार उष्मांक, म्हणजे तीनशे वीस उष्मांक नुसत्या साखरेचे, दूध वेगळेच. सत्तर किलो वजनाच्या माणसाला तेवढे उष्मांक खर्च करण्यासाठी पाचसहा किलोमीटर चालावे लागेल. आमचे यजमान तर स्टेशनापासून रिक्षा, कचेरीत खुर्ची आणि रात्री पलंग, असा प्रवास करीत होते.

दुसरा आरोपी चहासोबत येणारे फरसाण. शेवेच्या शंभर ग्रॅमांत साधारणतः तीस-चाळीस ग्रॅम तेल असते, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे नऊ उष्मांक पडतात. गप्पांच्या ओघात बशी रिकामी होते. पोटाला मात्र आपण काही खाल्ल्याची जाणीवही होत नाही. आणि तिसरा आरोपी रात्रीचे जेवण: दिवसभर कामाच्या गडबडीत दुपार बुडवायची, मग रात्री दहा वाजता लोण्याने माखलेले नान, घट्ट रश्शाची भाजी, वर गोड, आणि लगेच झोप. एकादशी आणि दुप्पट खाशी, त्यातलाच हा प्रकार.

वहीचे शेवटचे पान उलटले तेव्हा मात्र माझीच मान खाली गेली. रोज रात्रीच्या नोंदीखाली एक ओळ होती: ‘डब्यातले शंकरपाळे, चिवडा.’ तो डबा माझा होता. बाहेर आबाळ होते म्हणून दर फिरतीला मी तो काठोकाठ भरून देत असे, आणि परतल्या दिवशी ‘आठ दिवस घरचे मिळाले नाही’ म्हणून पुरणपोळीचा किंवा श्रीखंडाचा बेत करीत असे. बाहेरच्या अन्नाला दूषणे देणाऱ्या माझ्या हातूनच ओझ्यात भर पडत होती!

बारीक माणसानेही सावध असावे

‘आमचे हे तर सडपातळ आहेत, त्यांना काय धास्ती?’ असे म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी एक नोंद मुद्दाम देते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन ह्यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के! अंगकाठी सडपातळ असूनही आत चरबी अधिक, ही भारतीयांची ठेवण त्या एका जोडीवरून साऱ्या जगाला दिसली.

म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानावे, असे तज्ज्ञ सांगतात; पाश्चात्त्यांसाठी ती रेषा २५ आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे शिवणकामाची फीत. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. काट्याहून ही फीत अधिक खरे बोलते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, आणि सर्वांत अधिक, २६.४ टक्के, आढळले ते गोव्यात. तिथल्या आपल्या वाचकांनी तर ही फीत शिवणाच्या डब्यात पडू देऊ नये.

ताटाची डावी बाजू

आपल्या आज्या-पणज्यांनी ताट वाढण्याची एक रीत घालून दिली आहे. उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. बाहेर जेवताना प्रथम नाहीशी होते ती ही डावी बाजू. फार तर कांद्याच्या चार चकत्या येतात. तेव्हा आमच्या यजमानांनी पहिला नियम केला तो हा: जागेवर बसताच काकडी-टोमॅटो आणि वाटीभर साधे वरण मागवायचे, ते आधी खायचे, आणि पोळी-भात त्यानंतर. भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ मागाहून घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. शिवाय पोट अर्धे भरल्यावर नानाच्या टोपलीकडे हात जरा बेतानेच जातो.

बाकीचे नियमही असेच साधे आहेत. नानाऐवजी तूप न लावलेला फुलका. लोणी-सायीच्या डाळीऐवजी साधी डाळ. चहा दिवसातून तीनदा, तोही बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस तो कडू लागतो, नवव्या दिवशी जीभ रुळते. इतर वेळी ताक किंवा लिंबूपाणी. दुपारचे जेवण बुडवायचे नाही आणि रात्रीचे होता होईल तो आठच्या आत. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालायचे; परके गाव पाहण्याची ह्याहून चांगली वेळ नाही. झोपही पुरेशी हवी, कारण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची भूक वाढते.

माझ्या डब्यातही बदल झाला. आता त्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि पेरू असतात. रतलामच्या फलाटावर शेव-कचोरीचा घमघमाट सुटतो तेव्हा हा डबा फार उपयोगी पडतो, असे यजमानांचेच प्रमाणपत्र आहे. एक सूचना मात्र आवश्यक: ज्यांना साखर उतरवण्याची औषधे किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा व प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदलू नये.

ह्याचा अर्थ फिरतीतली सारी मौज संपली, असा नव्हे. हैदराबादेला जाऊन बिर्याणी नाही, बेळगावला जाऊन कुंदा नाही, असे वैराग्य संसारी माणसाला पेलत नाही आणि टिकतही नाही. एका फिरतीत एकच मेजवानी, आणि ती घरून निघतानाच ठरवून ठेवायची, असा आमचा करार आहे. ठरवलेला पदार्थ माणूस चवीने खातो; वाटेत सापडलेले दहा पदार्थ नुसतेच पोटात जातात. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही मी हेच सांगते. रात्री सराफ्यात अवश्य जा, पण घरी जेवून त्यावर गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुवा आणि रबडी अशी रांग लावू नका. जेवणच तिथे करा, दोन पदार्थ निवडा, आणि ते वाटून खा.

आग्रहाचा प्रश्न

खरी अडचण हॉटेलांत नाहीच. हॉटेलवाला ‘अजून एक घ्याच’ म्हणून गळ्याची शपथ घालत नाही. ती घालतो आपण. मुलखापासून दूर, चार पिढ्या इकडे राहिलेल्या आपल्या घरांत दारी आलेला मराठी माणूस म्हणजे माहेरचा माणूस. त्याच्या पानात चार घास अधिक वाढण्यात आपली सारी माया असते. यजमानांनी नियम केले, पण नातलगांच्या पंक्तीत ते प्रत्येक वेळी मोडत. ‘नको’ म्हटले की समोरची माउली हिरमुसते, आणि ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ म्हणावे तर साऱ्या पंक्तीत आजाराची चर्चा सुरू होते.

त्यावर त्यांनी शोधलेला उपाय सांगते. जेवणाआधी स्वयंपाकघरात डोकावून ते म्हणतात, ‘मावशी, तुमच्या हातची कढी मी दोनदा घेणार, पण पोळ्या दोनच वाढा.’ मागणीही झाली आणि मर्यादाही पडली. वाढणारीचा मान राहतो, आणि पुढचा आग्रह कढीवर भागतो.

आषाढात पुन्हा रक्त तपासले. वजन साडेचार किलोंनी उतरले आहे, आकडा ५.८ वर आला आहे. उंबरठा अजून ओलांडून मागे आलो नाही, पण पाऊल मागे वळले आहे. कोटाच्या गुंड्या लागतात, फक्त वरची तेवढी हट्ट धरून आहे.

मीही एक नियम केला आहे. परवा ग्वाल्हेरचे दीर-जाऊबाई आले होते. अंगठा गमावलेले भावजी पानावर बसले. मी दुसरी पुरणपोळी घेऊन पुढे झाले. त्यांनी हळूच हात आडवा धरला. पूर्वी मी तो हात बाजूला सारून पोळी वाढली असती, आणि तसे मी कित्येकदा केलेही आहे. ह्या खेपेस मी पोळी परत नेली आणि कोशिंबिरीची वाटी आणली. त्यांनी वर पाहिले, आणि न बोलता वाटी पुढे ओढून घेतली.