पडदा सर्वांचा, कळफलक कोणाचा?

संगणकाचा पडदा चित्रांनी आणि खिडक्यांनी भरून गेला, त्याला आता चार दशके होत आली. तरीही ज्यांच्या भरवशावर मोठमोठे सर्व्हर चालतात, त्या तंत्रज्ञांचे पुष्कळसे काम आजही साध्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकूनच होते. हा पडदा म्हणजे टर्मिनल. गेल्या दीड दशकात या टर्मिनलला एक नवे दार फुटले आहे. एकाच्या यंत्रावरील टर्मिनल शेकडो मैलांवरच्या दुसऱ्याला आपल्या ब्राउझरमध्ये जसेच्या तसे पाहता येते. इतकेच नव्हे, तर परवानगी असल्यास त्याला त्यात आज्ञाही देता येतात. पाहणाऱ्याला कोणतीही आज्ञावली बसवावी लागत नाही. हाती आलेली लिंक उघडली की काम भागते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु सोय जितकी सहज, तितका तिच्यामागचा अधिकार विसरला जाण्याचा संभव अधिक. म्हणूनच हे दार कोणी, कोणासाठी आणि किती उघडावे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

टर्मिनल हे मुळात एका यंत्राचे नाव होते. १९६३ साली आलेले टेलिटाइप कंपनीचे 'मॉडेल ३३' सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापीत असे. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 'व्हीटी-१००' हे पडद्याचे टर्मिनल बाजारात आणले. ही यंत्रे आता संग्रहालयात गेली. पण लिनक्ससारख्या प्रणाली टर्मिनलला अद्याप 'टीटीवाय', म्हणजे टेलिटाइप, याच नावाने ओळखतात आणि व्हीटी-१०० च्या सांकेतिक खुणाही पाळतात. जुन्या यंत्राची जागा आता आभासी टर्मिनलने घेतली आहे. आज्ञा स्वीकारणाऱ्या 'शेल'ला पलीकडे खरे यंत्र आहे की दुसरी आज्ञावली, याचा पत्ता नसतो. ब्राउझरमधून टर्मिनल दाखविणाऱ्या आज्ञावली नेमका याचाच उपयोग करून घेतात. शेलने दिलेली अक्षरे त्या ब्राउझरकडे धाडतात आणि ब्राउझरमध्ये दाबलेल्या कळा शेलकडे पोहोचवितात. दोन्ही दिशांनी अखंड चालणारा असा संवाद ब्राउझरला पूर्वी जड जात असे. डिसेंबर २०११ मध्ये 'वेबसॉकेट' हा संकेत प्रमाणित झाला आणि तो सुलभ झाला.

या व्यवस्थेचा पहिला गुण म्हणजे तिचा हलकेपणा. व्हीटी-१०० च्या पडद्यावर चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे मावत. म्हणजे संपूर्ण पडदा भरला तरी अक्षरे १,९२० च. पडद्याचे चलच्चित्र पाठविण्यास जेवढी क्षमता लागते, तिच्या अल्पांशात हे काम होते. ज्या गावात दूरचित्रसंवाद दर मिनिटाला अडखळतो, तेथेही अक्षरे वाहत राहतात. शिवाय समोर दिसते ते चित्र नसून मजकूर असल्यामुळे विद्यार्थ्याला तो उतरवून घेता येतो, शोधता येतो. शिक्षकाच्या आज्ञा वर्गातील साठ मुलांना आपापल्या पडद्यावर उमटताना दिसाव्यात, किंवा रात्री अडलेल्या एकट्या तंत्रज्ञाला दुसऱ्या शहरातील जाणत्याने पाहून मार्ग सांगावा, हे ज्यांच्याजवळ ना मोठी प्रयोगशाळा ना प्रवासखर्च, अशा लहान संस्थांना मिळालेले मोठेच साहाय्य होय.

परंतु पाहणे आणि चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि धोका त्यांची गल्लत होण्यात आहे. सामायिक टर्मिनलमध्ये टंकण्याची मुभा मिळालेल्या पाहुण्याच्या आज्ञा यजमानाच्याच नावाने आणि यजमानाच्याच अधिकाराने पार पडतात. यजमानाला वाचता येणारी प्रत्येक फाइल त्याला वाचता येते, यजमानाला पुसता येणारी प्रत्येक फाइल त्याला पुसता येते. यजमान 'रूट' म्हणून बसला असेल, तर संपूर्ण यंत्रच पाहुण्याच्या हवाली झाले. एक ओळ टंकली की ती अमलात आली; तेथे फेरविचाराला बहुधा अवसर नसतो. एखादी लिंक संदेशातून पुढे पाठविणे कोणालाही चिठ्ठी पाठविण्याइतके निरुपद्रवी वाटते. वस्तुतः ती चिठ्ठी नव्हे, किल्ली असते; आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याला दार उघडते.

याचे प्रत्यंतर यापूर्वीच आले आहे. संशोधक व विद्यार्थी यांच्या नित्य वापरातील 'ज्युपिटर नोटबुक' ही प्रणाली ब्राउझरमधून आज्ञा चालविते आणि टर्मिनलही उघडून देते. ती आपल्याच यंत्रापुरती वापरली तर भय नाही. परंतु इंटरनेटला उघडी ठेवलेली व पासवर्ड नसलेली अशी नोटबुके कोणाही आगंतुकाच्या आज्ञा मुकाट पाळीत. अखेर २०१६ च्या शेवटी आलेल्या ४.३ या आवृत्तीपासून तिच्या कर्त्यांनी, वापरणाऱ्याने काही केले नाही तरी, गुप्त संकेतांकाची अट आपण होऊन घातली.

सामान्य नागरिकालाही या प्रश्नाची झळ लागू शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क' या दूरनियंत्रणाच्या ॲपचा दुरुपयोग करून होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले. भामटा ग्राहकाला ॲप घ्यावयास लावतो, त्यावर उमटणारा नऊ आकडी संकेतांक विचारून घेतो, आणि मग फोन ग्राहकाच्या हाती राहिला तरी त्याचा ताबा दुसऱ्याकडे जातो. ॲप स्वतः बनावट नव्हते; ते मदतीसाठीच घडविलेले होते. फसवणूक झाली ती ताबा देणे म्हणजे काय, हे देणाऱ्याला उमगले नाही म्हणून. टर्मिनलच्या लिंकची गोष्ट याहून निराळी नाही. फरक एवढाच की तेथे पणाला एका माणसाचे खाते नसून कित्येकदा संपूर्ण संस्थेचे दप्तर असते.

नुसते पाहू देणेही सर्वस्वी निर्धोक नव्हे. टर्मिनलवर पासवर्ड टंकताना अक्षरे उमटत नाहीत, हे खरे. पण त्याच पासवर्डची फाइल चुकून उघडली, किंवा मागील आज्ञा शोधताना एखादा गुप्त संकेत वर आला, तर तो पाहणाऱ्या प्रत्येकास दिसतो. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९६१ साली 'सीटीएसएस' ही अनेकांनी एकच संगणक वाटून घेण्याची प्रणाली प्रथम दाखविली गेली. त्याच दशकात तेथे दोन फाइलींची अदलाबदल होऊन, प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादीच वाचावयास मिळाली. यंत्र सामायिक झाले की त्यावरील गुपितेही नकळत सामायिक होऊ शकतात, हा धडा इतका जुना आहे.

या गोष्टींचा अर्थ ही साधने त्याज्य आहेत, असा नव्हे. साधने घडविणाऱ्यांनाच हा भेद उमगला असून त्यांनी तो रचनेत उतरविला आहे. 'गो-टीटीवाय' ही आज्ञावली पाहुण्याला आरंभी केवळ पाहू देते. टंकण्याची मुभा यजमानाने मुद्दाम द्यावी लागते. 'टीटीवायडी' या आज्ञावलीनेही पुढील आवृत्त्यांत हाच शिरस्ता पत्करला. 'टीमेट' पाहण्याची व चालविण्याची अशा दोन वेगळ्या लिंका देते. देणाऱ्याने काही केले नाही तर काहीच दिले जाऊ नये, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे.

उरते ते वापरणाऱ्यांचे कर्तव्य. पाहण्याची लिंक हाच नियम असावा आणि चालविण्याची लिंक अपवाद. ती द्यावीच लागली तर त्या कामापुरत्या, मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या खात्यातून द्यावी, आणि काम संपताच दार लावून घ्यावे. मार्ग कूटबद्ध असल्याची खात्री करावी. उघड्या मार्गाने जाणारे पासवर्ड चोरले गेले, म्हणूनच १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू इलोनेन यांनी 'एसएसएच' निर्माण केले, हे विसरून चालणार नाही. दिलेल्या आज्ञांची नोंदही राहावी. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकव्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपण्यास संस्थांना सांगितलेच आहे. सामायिक टर्मिनलवरचे कामकाज त्यातून निसटू देणे शहाणपणाचे नाही.

एवढी बंधने पाळावयाची तर मदत करावयास कोण पुढे येईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवर पाहता रास्त वाटतो. पण त्यात एक गोष्ट दृष्टीआड होते. बंद खोलीत एकट्याने केलेल्या कामापेक्षा चार डोळ्यांदेखत केलेले काम नेहमीच अधिक सुरक्षित असते. नवखा तंत्रज्ञ स्वतः आज्ञा टंकतो आहे आणि जाणता दुरून पाहून, ती ओळ अमलात येण्यापूर्वीच त्याला थांबवितो आहे, हा या साधनाचा सर्वांत चांगला उपयोग होय. त्यात कळफलक जबाबदार माणसाकडेच राहतो, चूक टळते, आणि शिकणारा शिकतो. कळफलक हिसकावून घेऊन जाणत्याने काम झटपट उरकले, तर त्या दिवसाची अडचण तेवढी दूर होते; दुसऱ्या दिवशी नवखा पुन्हा अडलेलाच असतो. लहान संस्थांनी आणि महाविद्यालयांनी ही शिस्त आरंभापासूनच अंगी बाणविली, तर ब्राउझरमधील हे दार त्यांना भय न वाटता उघडे ठेवता येईल.