ज्या गावानं सोनं राखलं

दक्षिण फ्रान्समध्ये पायी हिंडायचं तर ‘जी. आर. ६५’ ही जुनी यात्रेकरूंची वाट धरावी. झाडांवर, दगडांवर रंगवलेले पांढरे-लाल पट्टे सोबतीला असतात. सगळी वाट चालायला हवी असं नाही. मुलाबाळांसह एखादा टप्पाही पुरे.

ही वाट डोंगरउतारावरच्या कोंक गावात येते. दगडी पाट्यांची छपरं, अरुंद गल्ल्या आणि मधोमध सेंट फॉयचं भव्य चर्च. या बालसंतिणीची सोन्यानं मढवलेली मूर्ती हे गावाचं वैभव. १७८९ च्या क्रांतीनंतर चर्चची संपत्ती जप्त होऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी हा ठेवा घराघरांत, बागांत लपवला आणि वादळ शमल्यावर परत आणून दिला.

मोटारीनं गेलात तरी मूर्ती दिसेलच. पण शेवटचा टप्पा चालत जा. तिला जपणाऱ्या गावाच्या दारांवरूनच ही वाट जाते.