वणीच्या कोअरची पेटी

वणी तालुक्यात जमिनीकडे पाहून कोळशाचा पत्ता लागत नाही. वर कापसाची काळी माती, पश्चिमेकडे तिच्याखाली ट्रॅप म्हणजे बेसाल्ट, कुठे कामठी मालिकेचा तांबूस वालुकाश्म, राजूर-मुकुटबनकडे चुनखडी. उकणी, निलजई, मुंगोलीच्या खाणी ज्याच्यासाठी उघडल्या तो बाराकार मालिकेतला कोळसा या आवरणाखाली दडलेला आहे, आणि तो कुठे किती आहे हे कळतं बोअर मारून. रिगला लावलेलं हिऱ्याच्या कणांचं पोकळ बिट गोल फिरत खाली जातं आणि मधोमध दगडाचा एक दंडगोल मोकळा करतं. हा दंडगोल म्हणजे कोअर. तो बॅरलमध्ये धरून वर काढतात, धुतात, खोलीचे आकडे घालून पेटीच्या खणांत ओळीने मांडतात. वर्धा खोऱ्यातला कोळशाचा सगळा हिशेब अशा पेट्यांवर उभा आहे. हिशेब मिटला की मात्र त्यांच्याकडे आपण जुन्या पावतीसारखं पाहतो. माझ्या मते ही चूक आहे, आणि वणीसारख्या उघड्या खाणींच्या मुलखात ती जास्त महाग पडणारी आहे.

पेटीत काय असतं ते आधी पाहू. कोळशाच्या कोअरवर चकचकीत आणि निस्तेज पट्टे एकाआड एक दिसतात. चकचकीत पट्टा लाकडा-सालीचा, पाण्याखाली हवेवाचून मुरलेला. निस्तेज पट्ट्यात वाळलेला, कधी जळून कोळसलेला पालापाचोळा आणि गाळ. याच कोळशाचा भुगा राळेत घट्ट करून, घासून आरशासारखा करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की व्हिट्रिनाइट नावाच्या घटकावरून प्रकाश किती परततो ते मोजता येतं. जितका जास्त परततो तितका तो थर जास्त तापलेला. शेजारच्या शेलचा, म्हणजे चिखल दडपून झालेल्या खडकाचा, तुकडा हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवला की न विरघळणारे परागकण आणि बीजाणू उरतात, आणि त्यांच्या जातींवरून थराचं वय ठरतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत हे काम अनेक वर्षं चालू आहे. या रीतींनी सांगितलेली गोष्ट अशी: सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या, थंड दलदलीत ग्लोसॉप्टेरिसची झाडं वाढली आणि पुराच्या गाळासकट गाडली गेली. आपल्या कोळशात राख इतकी का, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या गाळात आहे.

आता शंका. एका बोअरच्या साक्षीवर विश्वास किती ठेवायचा? भारतात 1957 पासून रूढ असलेल्या पद्धतीत बोअरपासून 200 मीटरपर्यंतचाच कोळसा ‘सिद्ध’ धरता येतो. 200 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे 31 एकर. साडेसहा सेंटीमीटर जाडीच्या कोअरचा काप भरतो 33 चौरस सेंटीमीटर. म्हणजे चार कोटी भागांतला एक भाग पाहून आपण बाकीच्यांबद्दल बोलतो. हा अंदाज सहसा टिकतो, कारण दलदलीचा थर मैलोन्‌मैल पसरून साचतो आणि लगतच्या दोन बोअरमध्ये तो एकाएकी नाहीसा होत नाही. जिथे भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, असतो तिथे मात्र तो थर एकदम खाली-वर सरकतो, आणि मग दोन बोअर जोडणारी कागदावरची सरळ रेघ खोटी ठरते. तेव्हा जुना कोअर पुन्हा काढून, मातीची एखादी ओळखीची पट्टी दोन्हीकडे किती खोलीवर आहे हे तपासण्यावाचून इलाज नसतो. पेटीच गेली असेल तर कशाशी तपासणार?

यावर कोणी म्हणेल, खाणीची कापलेली भिंत उघडी आहे, हवी तेव्हा जाऊन पाहा. ही भिंत रोज मागे सरकते, हवेने आणि पावसाने झिजते, आणि कोळसा संपला की खड्ड्यात वरचं मुरूम-दगड मिसळून परत टाकतात. तो उभा छेद त्यानंतर जगात कुठेच राहत नाही. म्हणजे उघड्या खाणीच्या जागी कोअर ही पुढे शेवटची साक्ष ठरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हल्ली पुष्कळ बोअर कोअर न घेताच मारतात आणि भोकात उपकरण सोडून नैसर्गिक किरणोत्सार, घनता, विद्युतरोध मोजतात. कोळसा हलका आणि कमी किरणोत्सारी, त्यामुळे आलेखावर तो ठळक दिसतो. शिवाय कृत्रिम भूकंपलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून थर ओळखता येतात. काम झटपट होतं, खर्च वाचतो, हे खरं. पण आलेख काय सांगतो हे आधी कोअरवर शिकावं लागतं. लहरींचंही तसंच: वर कठीण बेसाल्ट आणि खाली मऊ कोळसा असला की त्या विखुरतात, आणि कुठली रेघ कुठल्या थराची हे एखाद्या बोअरशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही. भूशास्त्रीय माहितीचं राष्ट्रीय डिजिटल भांडार डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालं, हे चांगलंच झालं. मात्र आकड्यांत त्या दिवशी जे विचारलं तेवढंच असतं, आणि उद्या सुचणारा प्रश्न विचारायला दगडच हातात लागतो.

असे प्रश्न सुचतात याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याआधी हा भाग स्थिर मानला जाई. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे 617 मीटर बोअर घेतला: 338 मीटर ट्रॅप, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक, मग पुरातन पाया. कोयनेला 11 डिसेंबर 1967 च्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपानंतरही धक्के थांबले नाहीत, म्हणून तिथे बोअरची मालिकाच घेतली गेली. रासाटीचा बोअर 1522 मीटर गेला, गोठण्याचा 2017 मध्ये 3 किलोमीटरपर्यंत. ग्रॅनाइटी पायातल्या भेगा, त्यांत साचलेली खनिजं, खोल पाण्याच्या खुणा यांचा अभ्यास कऱ्हाडजवळच्या हजारमाचीच्या प्रयोगशाळेशी जोडलेला आहे. याच कोअरवर आयआयटी खरगपूरच्या जीवशास्त्रज्ञांनी वेगळाच प्रश्न घातला: इतक्या खोल, तापलेल्या दगडात कोणी राहतं का? कोअरचा आतला गाभा काढून त्यातलं डीएनए वाचलं, आणि तिथे सूक्ष्मजीवांचे समूह आढळले. एका दगडाच्या दांड्यावर भूकंप, खनिजं आणि जनुकं अशी तीन शास्त्रं काम करताहेत.

इथे माझ्याच बाजूला एक मर्यादा घालायला हवी. वणीच्या जुन्या पेट्यांतून डीएनए वाचता येणार नाही. ड्रिलिंगच्या पाण्यातले आणि हाताळणाऱ्यांच्या हातावरचे जंतू कोअरला लगेच चिकटतात. म्हणून या कामात बाहेरचा भाग काढून टाकतात आणि तुलनेसाठी ड्रिलिंगचा द्रवही तपासतात. ती काळजी बोअर घेताना घेतली नसेल तर नंतर घेता येत नाही. कोळशाचा भाग तर राख आणि उष्मांक मोजताना भरडला जातो, जाळला जातो. उरतो वरखालचा दगड, ज्याला बाजारभाव नाही. पण वय, भ्रंश, पाणी, हवामान हे प्रश्न त्याच दगडाला विचारायचे आहेत. वर्धा खोऱ्यातल्याच मांगलीच्या खडकातली एका उभयचराची कवटी, ब्रॅकिऑप्स, रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये वर्णन केली. ती सांभाळली म्हणून त्या सबंध प्राणिकुळाचं नाव आजही तिच्यावरून चालतं. नुसतं वर्णन छापून दगड फेकला असता तर पुढच्या अभ्यासकांना ओवेनच्या शब्दांवरच भागवावं लागलं असतं.

जागेचं कारण नेहमी पुढे येतं. 300 मीटर खोल बोअरचा सगळा कोअर भरतो एक घनमीटरहून कमी. पेट्यांसकट धरला तरी घोडं कुठे अडतं कळत नाही. सगळ्या बोअरचे कोअर ठेवा असं कोणीच म्हणत नाही. प्रत्येक खाणपट्ट्यामागे वरपासून खालपर्यंत पूर्ण कोअर घेतलेला एखादा बोअर वेगळा काढावा, भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे एकेक ठेवावेत, कोळसा भरडण्याआधी त्याची अर्धी फाक राखून ठेवावी, आणि पेटीवर जागेचे अक्षांश-रेखांश लिहावेत. त्यासाठी नवी संस्था नको. भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणाचा मध्य विभाग, कोळसा खाणींचं नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था, खनिज शोधणारी एमईसीएल आणि कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स, चारही नागपुरात आहेत.