धूळ मोजायची कुणी?

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणींना सिलिकाच्या धुळीची नवी मर्यादा लागू व्हायची होती. एक घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे आधीच्या निम्मी. तारीख तोंडावर आली आणि नियम अडला. आधी न्यायालयाने स्थगिती दिली, पाठोपाठ खाण सुरक्षा खात्यानेच अंमलबजावणी पुढे ढकलली. त्याच महिन्यात खाण कामगारांच्या छातीचे एक्स-रे मोफत तपासणारा सरकारी कार्यक्रम नोकरकपातीत ठप्प झाला. तो पुन्हा सुरू करण्यासाठी मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयाला आदेश काढावा लागला.

खाणीतल्या धुळीने होणारा काळ्या फुप्फुसाचा आजार इतिहासजमा झाला, असं समजणाऱ्यांना 2018 सालीच धक्का बसला होता. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य भागातल्या अवघ्या तीन दवाखान्यांच्या नोंदींत या आजाराच्या सर्वांत गंभीर प्रकाराचे 416 रुग्ण सापडले. या अवस्थेत फुप्फुसात कठीण गाठी वाढत जातात आणि माणसाला चार पायऱ्या चढणंही जमत नाही. 1990च्या दशकात हा प्रकार जवळपास दिसेनासा झाला होता. धुळीची मर्यादा तर 1970 पासून लागू होती. मग हे रुग्ण आले कुठून?

एकूण धुळीच्या या मर्यादेचा आकडा मुळात चिमुकला आहे. अमेरिकेत 1972 नंतर घनमीटरमागे 2 मिलिग्रॅम धूळ चालत असे, 2016 पासून 1.5. मोहरीचा एक दाणा साधारण 2 मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढं वजन एक मीटर लांब-रुंद-उंच हवेत विखुरलेलं, आणि तेही फक्त बारीक, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणाऱ्या कणांचं. मोठे कण नाका-घशातच अडकतात, थुंकीवाटे बाहेर पडतात. घातक कण सहसा 5 मायक्रॉनपेक्षा लहान असतात. हवेत तरंगताना ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यामुळे ‘आज धूळ कमी वाटतेय’ या वाक्याला खाणीत काही अर्थ नसतो.

हा 2 चा आकडा अमेरिकेने ब्रिटनकडून घेतला, आणि ब्रिटनमध्ये तो पुष्कळ वळणं घेऊन आला होता. खाणीतले विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यावेत, हे सुचवणारे जॉन स्कॉट हॉल्डेन हे आपल्या काळातले खाण-आरोग्याचे सर्वांत मोठे जाणकार. स्फोटानंतर बरेचसे कामगार आगीने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी 1896 साली दाखवून दिलं. त्यासाठी हा वायू स्वतः श्वासावाटे घेऊन पाहिला. अशा माणसाचं ठाम मत होतं की निव्वळ कोळशाच्या धुळीने काही बिघडत नाही, उलट ती क्षयापासून वाचवत असावी. दगडाची धूळ वाईट, कोळशाची निरुपद्रवी. एवढा मोठा माणूस बोलल्यावर कोण वाद घालणार?

वाद घातला फिलिप डार्सी हार्ट यांनी. स्ट्रेप्टोमायसिनची क्षयावरची 1948 सालची प्रसिद्ध चाचणी ज्या गटाने केली, त्यातलं हे मोठं नाव. वैद्यकाच्या इतिहासात त्यांना त्या चाचणीसाठी मान मिळतो. पण त्याआधी एडवर्ड ॲस्लेट यांच्याबरोबर दक्षिण वेल्सच्या खाणींत त्यांनी केलेलं सर्वेक्षण फारसं कुणाच्या लक्षात नाही. दगडाशी संबंध न येणारे, नुसता कोळसा फोडणारे आणि भरणारे कामगारही आजारी पडत होते. 1942 मध्ये निष्कर्ष छापले गेले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये भरपाईचा कायदा बदलला.

पण धूळ वाईट म्हणजे किती धूळ वाईट? त्यासाठी ब्रिटिश कोळसा मंडळाने 1953 पासून वीसहून जास्त खाणींत वर्षानुवर्षं धूळही मोजली आणि त्याच कामगारांचे एक्स-रेही काढले. 1970 साली जेकबसन आणि सहकाऱ्यांनी त्यातून काढलेला आलेख अमेरिकी मर्यादेचा पाया ठरला. इथे एक गंमत आहे. ब्रिटिशांचं उपकरण हवेला आडव्या पट्ट्यांमधून नेऊन जड कण खाली बसवायचं, अमेरिकी उपकरण तिला छोट्या नळकांड्यात गरगर फिरवायचं. दोघांचं वजन जुळेना. म्हणून अमेरिकी आकड्याला 1.38 ने गुणून तो ‘ब्रिटिश’ करण्याची पद्धत पडली आणि ती अनेक दशकं टिकली.

विज्ञान तयार होतं म्हणून कायदा आला, असं मात्र नाही. नोव्हेंबर 1968 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या स्फोटात 78 जण गेले. त्यानंतर फेब्रुवारीत त्या राज्यातले सुमारे 40,000 खाण कामगार काम सोडून रस्त्यावर उतरले. मागणी स्फोटाबद्दल नव्हती, फुप्फुसांबद्दल होती. त्यांच्या बाजूने सभा गाजवणाऱ्या डॉक्टरांमध्ये डोनाल्ड रॅसम्युसेन होते. कामगाराला व्यायाम करायला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा आणि एक्स-रे साफ असूनही दम का लागतो ते दाखवायचं, ही त्यांची रीत. संघीय कायदा 1969 च्या अखेरीस झाला.

आता सिलिकाचं गणित. धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, 5 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर 10 ला त्या टक्केवारीने भागायचं आणि येईल ती मर्यादा मानायची, असा अमेरिकी नियम होता. क्वार्ट्झ 10 टक्के असेल तर 1 मिलिग्रॅम. कसंही मांडा, हवेतली सिलिका 100 मायक्रोग्रॅमवर थांबते. कागदावर हे सुरेख आहे. प्रत्यक्षात व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनियाच्या ॲपलाचिया डोंगरपट्ट्यात कोळशाचे जाड थर संपत आले. पातळ थर काढताना यंत्र वरचा-खालचा वाळूखडकही कापतं, आणि सिलिका कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी जास्त घातक असते. 416 रुग्णांचं बरंचसं उत्तर या खडकात आहे.

उरलेलं उत्तर मोजणाऱ्यांत आहे. नमुने गोळा करायचं काम खाण कंपनीकडेच होतं. नमुन्याचा पंप स्वच्छ हवेत टांगणं किंवा कोटाखाली झाकणं हे प्रकार कामगार वर्षानुवर्षं सांगत आले होते. 2018 मध्ये केंटकीतल्या एका कंपनीच्या अधिकाऱ्यांवर धुळीच्या चाचण्यांत फसवणूक केल्याचे फौजदारी आरोप ठेवले गेले. 2016 पासून सक्तीचं झालेलं नवं उपकरण कामगाराच्या पट्ट्यालाच असतं. कंप पावणाऱ्या बारीक नळीच्या टोकावर गाळणी. तिच्यावर धूळ साठली की कंपनं मंदावतात आणि पाळी चालू असतानाच आकडा दिसतो. उपकरण हुशार आहे, पण ते एकूण धूळ तोलतं. त्यातली सिलिका किती, हे कळायला नमुना अजूनही प्रयोगशाळेतच धाडावा लागतो. पाण्याचे फवारे, यंत्राचे धारदार दात आणि भरपूर वारा हे उपाय मात्र जुनेच आहेत, आणि ते चालतात.

महाराष्ट्रात नागपूर, चंद्रपूर आणि वणीच्या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणी आहेत. खाण कामगारांच्या आरोग्यासाठी नागपुरात असलेली राष्ट्रीय संस्था 2019 मध्ये अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण कळवण्याआधी तो ओळखला जावा लागतो, आणि आपल्याकडे जुनाट खोकल्याला पहिलं नाव क्षयाचंच मिळतं. सिलिकाने क्षयाचा धोकाही वाढतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतात. घरात निवृत्त खाण कामगार असेल आणि औषधं पूर्ण करूनही दम लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा की तो खाणीत किती वर्षं होता, कोळशावर होता की दगडावर, आणि जुने एक्स-रे बरोबर न्या.