जागा बदललेला ऑर्गन

चर्चमधल्या प्रार्थनेसाठी आणि पाश्चात्त्य दिवाणखान्यांसाठी घडलेला पायभात्याचा ऑर्गन मराठी संगीत नाटकाने आपलासा केला. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात तर सारंगी-तबल्याच्या बरोबरीने त्याला मान मिळाला. मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांची जागा यात पितळी सुरांनी, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पात्यांनी, घेतलेली असते. असा जुना ऑर्गन दुरुस्तीसाठी उघडला की वाद सुरू होतो: तो मूळ अवस्थेत न्यायचा, की आजच्या गाण्याला जुळवायचा? माझ्या मते, नव्या जागी पुन्हा जुळवल्याशिवाय वाद्याचे स्थलांतर पुरेच होत नाही. हातपेटीचा भाता सुरांवर हवा ढकलतो. अमेरिकी धाटणीच्या ऑर्गनमध्ये मात्र पायांनी चालणारा भाता हवा बाहेर खेचतो आणि तिची जागा घ्यायला येणारी हवा सुरांतून आत शिरते. त्याचा गोल, मऊ आवाज बराचसा यामुळे. भात्याचे रबरी कापड कडक होऊन घडीवर तडकले, फेल्टला कसर लागली, की हा ओढा तुटतो. कापड आणि फेल्ट झिजण्यासाठीच असतात; ते बदलण्यात अपराध कसला? सुरांचे तसे नाही. मुका सूर अनेकदा नुसत्या धुळीने अडलेला असतो. आकडीने ओढून काढून पुसला की बोलू लागतो. पाते टोकाशी खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो, पण गेलेले पितळ परत येत नाही. म्हणून आधी सफाई, मग भाता, आणि कानस अगदी शेवटी.

फेरफाराने वाद्याचे अस्सलपण जाते, असा आक्षेप येतो. त्याला एका ऑर्गनची कहाणीच उत्तर देते. जर्मनीच्या वाल्करने बांधलेला नळ्यांचा भव्य ऑर्गन १८६३ मध्ये बॉस्टन म्युझिक हॉलमध्ये उभा राहिला, १८८४ मध्ये तिथून उतरवला गेला आणि १९०९ मध्ये मेथ्यूएन गावी खास त्याच्यासाठी बांधलेल्या सभागृहात पुन्हा वाजला. १९४७ मध्ये त्याच्या नळ्यांत मोठे बदल झाले. बदल न करता तो गोदामात राहिला असता, तर अस्सलपण कुणाच्या कानी पडले असते? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ऑर्गनमध्ये मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, नाही; श्रुती ठरलेल्या. हे खरेच आहे, आणि हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे दूर ठेवले ते अशाच कारणांनी. पण नाटकात मींड सांभाळायला सारंगी होती; ऑर्गनचे काम गायकाच्या पायाखाली सलग सूर अंथरण्याचे. मग इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड का नको? कारण गुडघ्याच्या कळीने झडप हळूहळू उघडत जाते, तेव्हा खरी हवा खऱ्या पितळाला हलवत असते, आणि तान संपवून गायक थांबला की वादक त्याच गुडघ्याने तो आवाज त्याच्याबरोबर खाली उतरवू शकतो.